थीम पार्कला जाताना आत राहायचं की बाहेर? आधी दुपारचा हिशेब करा

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जणांचं कुटुंब: नवरा-बायको, साडेतीन वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. थीम पार्कला पहिल्यांदाच जाताहेत, मुक्काम चार रात्रींचा. ऑरलँडोचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड की डिस्नेलँड पॅरिस, हे अजून ठरलेलं नाही. पार्कच्या स्वतःच्या हॉटेलचा दर बाहेरच्या हॉटेलच्या जवळजवळ दुप्पट दिसतोय. ताई विचारतात, "रात्री फक्त झोपायलाच तर जायचंय, मग एवढे पैसे कशाला घालायचे?"

हे शेवटचं वाक्य मी सोळा वर्षं ऐकतेय. कुटुंबांच्या सहली आखून देणं हेच माझं काम. "झोपायलाच तर जायचंय" म्हणणाऱ्यांचाच दुसऱ्या दिवशी भर दुपारी मेसेज येतो, "धाकटा ऐकतच नाहीये, इथून हॉटेलवर जायला किती वेळ लागेल?" तेव्हा द्यायला माझ्याकडे चांगलं उत्तर नसतं. ते दोन महिने आधी द्यायचं असतं.

तुम्ही दोन दर शेजारी ठेवून बघताय. मी तुमच्या जागी असते तर आधी एवढंच विचारलं असतं: दुपारी खोलीवर परत यायचं आहे का? खरंच यायचं असेल, तर पलंगापासून गेटपर्यंतचं अंतर ही सहलीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होते आणि आतल्या हॉटेलचे जादा पैसे वसूल व्हायची शक्यता असते. सकाळी निघून रात्रीच परतायचं असेल, तर बाहेर राहा, माझी काहीच हरकत नाही.

साडेतीन वर्षांचं मूल आणि दुखरे गुडघे बरोबर असताना दुपारी परत यावंच लागतं, हे मी गृहीत धरते. नऊ वर्षांची मुलगी दिवसभर पळेल, पण धाकट्याचं काय? सकाळी नऊपासून चालणं, रांगा, ऊन, मोठमोठे आवाज. दीड वाजेपर्यंत त्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. ऑरलँडोला उन्हाळ्यात गेलात तर भर म्हणून दुपारचा गडगडाटी पाऊस असतो. जून ते सप्टेंबरमध्ये तो जवळजवळ रोजचाच पाहुणा. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद करतात आणि गर्दी छपराखाली गोळा होते. म्हणजे एक ते चार हे तास पार्कमध्ये सगळ्यात निरुपयोगी आणि खोलीत सगळ्यात उपयोगी.

आता गणित करा. बाहेरच्या हॉटेलवरून गेटपर्यंत दारापासून दारापर्यंत पन्नास मिनिटं लागतात असं धरा. जाऊन-येऊन शंभर मिनिटं. तीन तासांच्या विश्रांतीत हातात उरले ऐंशी मिनिटं, आणि त्यात बूट काढणं, हात-पाय धुणं, मुलाला झोपवणं हे सगळं आलं. तो झोपेपर्यंत उठवायची वेळ होते. म्हणून मग कुणीच परत जात नाही. हाच प्रवास वीस मिनिटांचा असेल तर एकशे चाळीस मिनिटं उरतात. त्यात मूल झोपतं, सासूबाई पाय वर करून पडतात, ताईंनाही जरा पाठ टेकता येते. दुपार जमली की रात्रीची आतषबाजी दिसते. ती नाही जमली तर संध्याकाळी सात वाजता सगळे एकमेकांवर खेकसतात, आणि ज्या तिकिटांसाठी एवढा खर्च केला त्यांचा शेवटचा एक-तृतीयांश दिवस वाया जातो. खोलीच्या दरातला फरक मोजताना हा भाग कुणी धरत नाही.

हे मी स्वतः चुकूनच शिकले. माझ्या मुलीला घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेरचं हॉटेल घेतलं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं "पार्कला मोफत बस". पोचल्यावर कळलं की बस सकाळी दोनदा सुटते, रात्री दोनदा परत येते, आणि आदल्या संध्याकाळी काउंटरवरच्या वहीत नाव घातलं नाही तर जागा मिळत नाही. दुपारची फेरी नव्हतीच. रात्री आतषबाजी संपली, गर्दीतून बाहेर यायला अर्धा तास गेला आणि शेवटची बस आमच्या डोळ्यांसमोर निघून गेली. खांद्यावर झोपलेली चार वर्षांची पोर, एका हातात बाबागाडी, दुसऱ्या हातात फोन, आणि टॅक्सीच्या रांगेत पुढे निदान साठ माणसं. त्या रात्री वाचवलेल्या पैशांचा हिशेब मी मनात पुन्हा मांडला. तेव्हापासून "मोफत बस" वाचलं की मी आधी वेळापत्रक मागते.

पण एक सावधगिरी. "आत" या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आत म्हणजे कंपनीच्या मालकीच्या जागेत, एवढाच त्याचा अर्थ. गेटजवळ असा नाही. वॉल्ट डिस्ने वर्ल्डची जमीन सुमारे 25,000 एकर आहे. तिच्यात चार मोठी पार्क आणि वीसहून जास्त हॉटेलं पसरलेली आहेत. आतलं स्वस्त हॉटेल घेतलंत तर पार्कपर्यंत काही किलोमीटर बसनेच जायचं, आणि बसची वाट पाहणं वेगळं. डिस्नेलँड पॅरिसचं डेव्ही क्रॉकेट रँच हे कंपनीचंच निवासस्थान आहे, छान जंगलातल्या केबिन आहेत, पण पार्क आठेक किलोमीटरवर आणि मधे कंपनीची बस नाही. गाडी हवीच. उलट कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये डिस्नेलँडच्या समोरच्या हार्बर बुलेव्हार्डवर बाहेरची कितीतरी मोटेल अशी आहेत की रस्ता ओलांडला की पार्क. तिथून गेटला पोचायला कंपनीच्या स्वतःच्या काही हॉटेलांपेक्षा कमी चालावं लागतं. ॲनाहाइमचा प्रश्न असता तर मी दोन ओळींत "बाहेर राहा" लिहून मोकळी झाले असते.

म्हणून नकाशावरचे किलोमीटर बघू नका. खोलीच्या दारातून निघून पार्कच्या आत पाऊल टाकेपर्यंतचे सगळे टप्पे लिहून काढा. डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कपैकी मॅजिक किंगडमचं उदाहरण घेते, कारण तिथे लोक हमखास फसतात. बाहेरून गाडीने आलात तर गाडी थेट गेटपाशी लागत नाही. तळ्याच्या अलीकडे मोठं वाहनतळ आहे. तिथे गाडी लावा, स्थानकापर्यंत जा, सुरक्षा तपासणी करा, मग मोनोरेल किंवा फेरीबोटीने तळं ओलांडा, तेव्हा कुठे गेट. टॅक्सीसुद्धा सहसा तळ्याच्या अलीकडेच सोडते. आतल्या हॉटेलांच्या बस मात्र थेट गेटसमोर थांबतात. कंटेम्पररी या आतल्या हॉटेलातून तर चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. म्हणजे नकाशावर "पंधरा मिनिटं" दिसणारं बाहेरचं हॉटेल प्रत्यक्षात तास खातं, तेही सकाळी सगळे ताजेतवाने असताना. रात्री परतताना याच टप्प्यांवर हजारो माणसं एकाच वेळी उभी असतात.

बाबागाडीचं सांगायला हवं, कारण तुम्हाला ती लागणारच. साडेतीन वर्षांचं मूल घरी बाबागाडीत बसत नसेल, तरी इथे बसेल. डिस्ने वर्ल्डच्या बसमध्ये चढताना बाबागाडी घडी करावी लागते. ऐकायला किरकोळ वाटतं. रात्री साडेदहाला, झोपलेलं मूल उचलून, खालच्या कप्प्यातल्या पिशव्या बाहेर काढून, मागे रांग खोळंबलेली असताना घडी करून बघा. मोनोरेलमध्ये आणि स्कायलायनर नावाच्या रोपवेमध्ये ती न मिटता ढकलत नेता येते, घडी न करता मावली पाहिजे एवढंच. स्कायलायनर 2019 मध्ये सुरू झाला आणि त्यामुळे पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ ॲनिमेशन आणि कॅरिबियन बीच ही हॉटेलं माझ्या यादीत एकदम वर आली, कारण ती मोनोरेलवरच्या हॉटेलांहून बरीच स्वस्त आहेत. मात्र तो रोपवे एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कनाच जातो. मॅजिक किंगडमला जायचं तर तिथूनही बसच.

आता सवलतींकडे येऊ, कारण आतल्या हॉटेलांच्या जाहिरातीत त्याच ठळक अक्षरांत असतात. डिस्ने वर्ल्डमध्ये आतल्या पाहुण्यांना चारही पार्कमध्ये रोज अर्धा तास आधी सोडतात. पॅरिसला हा वेळ साधारण तासभर असतो, टोकियोत पंधरा मिनिटं. उघडण्याआधीचा अर्धा तास म्हणजे दुपारचा अर्धा तास नव्हे, हे खरं आहे. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात दोन मोठ्या राइड होऊन जातात, दुपारी तेवढ्याच वेळात एकीच्या रांगेत तुम्ही मध्यावर असता. पण त्यासाठी पार्क उघडायच्या निदान तासभर आधी गेटपाशी हजर असावं लागतं. तुमची पोरं सकाळी सातला आंघोळ करून तयार असतात का? स्वतःशी खरं बोला. नसतील तर या सवलतीची किंमत तुमच्यासाठी शून्य, आणि तिच्यासाठी एक पैसाही जादा मोजू नका.

रांगा टाळायची जादा पैशांची सोय, म्हणजे डिस्नेचा लाइटनिंग लेन पास, आतल्या पाहुण्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी निवडता येतो, बाकीच्यांना तीन दिवस आधी. गर्दीच्या हंगामात लोकप्रिय राइडच्या वेळा या चार दिवसांतच उडतात. शांत हंगामात फारसा फरक पडत नाही. हे पूर्णपणे तारखांवर अवलंबून आहे आणि तुम्ही तारखा लिहिलेल्या नाहीत.

एक सवलत मात्र अशी आहे की तिच्यामुळे सगळा हिशेबच उलटतो, म्हणून तुमच्या यादीत नसूनही सांगते. ऑरलँडोच्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या थीम पार्कमध्ये पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्या प्रत्येकाला जुन्या दोन पार्कचा, रांग टाळायचा अमर्याद एक्स्प्रेस पास खोलीच्या दरातच मिळतो. तो येण्याच्या आणि जाण्याच्या, दोन्ही दिवशी चालतो. एक रात्र राहा, दोन दिवस वापरा. पाच जणांचे पास वेगळे विकत घेतले तर गर्दीच्या दिवसांत खोलीपेक्षा तेच महाग पडू शकतात. मे 2025 मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कला मात्र हा पास लागू नाही. अजूनही बरेच जण तो धरून चालतात आणि गेटवर वाद घालतात.

पैशांकडे वळू. दुप्पट दर म्हणजे दुप्पट खर्च असं समजू नका, आणि बाहेरचं स्वस्त दिसतंय म्हणून ते स्वस्तच आहे असंही नाही. बाहेरच्या खोलीच्या दरावर कर आहे, बऱ्याच हॉटेलांत रोजचं "रिसॉर्ट शुल्क" आहे, हॉटेलचं पार्किंग आहे, पार्कचं पार्किंग आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये आतल्या पाहुण्यांना पार्कचं पार्किंग माफ असतं. गाडी भाड्याने घेणार नसाल तर टॅक्सीच्या रोजच्या फेऱ्या मोजा. दुपारी परतायचं तर दोन नव्हे, चार. दुसऱ्या बाजूला बाहेर बहुधा नाश्ता दरातच असतो, छोटं स्वयंपाकघर मिळतं, कपडे धुवायचं यंत्र मिळतं. पाच माणसांचा चार दिवसांचा नाश्ता ही लहान रक्कम नाही. मी एका कागदावर दोन रकाने करते आणि खोलीचा दर सगळ्यात शेवटी लिहिते. आधी लिहिला की बाकीचे आकडे त्याच्यापुढे बारीक दिसायला लागतात.

आणि पाचवं माणूस! याकडे तुम्ही लक्ष दिलं आहे का, ते प्रश्नावरून कळलं नाही. आतल्या हॉटेलांतल्या साध्या खोल्या बहुतेक चौघांच्याच असतात. डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालचं बाळ पाळण्यात झोपणार असेल तर ते मोजत नाहीत, पण तुमचा मुलगा तीन ओलांडून गेला. म्हणजे तुम्ही पाहिलेला "दुप्पट" दर चौघांचा असेल तर खरा आकडा त्याहून मोठा आहे. एकतर दोन खोल्या घ्याव्या लागतील, नाहीतर आर्ट ऑफ ॲनिमेशनमधल्यासारखा सहा जणांचा फॅमिली स्वीट. सासूबाईंच्या दृष्टीने मला स्वीट पटतो, कारण त्यात दोन बाथरूम आहेत आणि रात्री मुलं झोपली तरी मोठ्यांना दिवा मालवून अंधारात बसावं लागत नाही. ओघात आणखी एक: तिथे दहा वर्षं पूर्ण झाली की मोठ्यांचं तिकीट लागतं. मुलीचा वाढदिवस सहलीच्या आधी येत असेल तर तारखा त्या नजरेनेही बघा. पॅरिसला ही मर्यादा बारा वर्षांची आहे.

बाहेर राहाच असं मी कुणाला सांगते? ज्यांची मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची आहेत आणि दिवसभर तग धरतात, त्यांना. ज्यांना एकच दिवस पार्क बघायचंय आणि बाकी शहर फिरायचंय, त्यांना. सिंगापूरचं युनिव्हर्सल एका दिवसात होतं, सेंटोसावर शहरातून मोनोरेलने आरामात जाता येतं, तिथे पार्कला चिकटून राहायची काहीच गरज नाही. आठ-दहा जणांचा गोतावळा असेल तर भाड्याचं घर. पथ्यपाणी सांभाळायचं असेल तरीही घर. आणि ज्यांना संध्याकाळी त्या रंगीबेरंगी दुनियेतून सुटका हवी असते त्यांना. अशी माणसं असतात, माझा नवरा त्यातलाच. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या लिफ्टमध्येही तेच संगीत वाजायला लागलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता तुमचं. पॅरिस ठरलं तर माझा कौल बाहेरच्या बाजूला झुकतो, पण एका अटीवर. पार्कच्या गेटला लागूनच मार्न-ला-व्हॅले शेसी हे स्थानक आहे, पॅरिसच्या आरईआर या उपनगरी रेल्वेच्या ए मार्गाचं शेवटचं. त्याच्या अलीकडचं एकच स्थानक म्हणजे व्हाल द्युरोप. तिथे स्वयंपाकघरासह भाड्याच्या सदनिका मिळतात, पाच जण एकत्र राहू शकतात आणि पार्क रेल्वेने एका स्थानकावर. कंपनीच्या सांता फे किंवा शायान हॉटेलातून पार्कला चालत वीसेक मिनिटं लागतात, नाहीतर बस. म्हणजे वेळेत फारसा फरक नाही, आणि पाचव्या माणसाची अडचणही सुटते. अट अशी की घर स्थानकापासून पाच मिनिटांच्या आत हवं. जाहिरातीत "डिस्नेजवळ" लिहून गाडीशिवाय पोचताच येणार नाही अशी घरं खपवणारे खूप आहेत. खुद्द पॅरिस शहरात राहून रोज चाळीस-चाळीस मिनिटं ये-जा करणं हा पर्याय तुमच्यासाठी मी खोडूनच टाकते. तुलना करताना हेही लक्षात ठेवा की कंपनीच्या हॉटेलचा आकडा सहसा तिकिटं धरून दिलेला असतो. तुम्हाला दिसलेला "दुप्पट" तसाच असेल तर तो दुप्पट नाहीच.

ऑरलँडो ठरलं तर आत राहा. पार्क पसरलेली आहेत, उकाडा आहे आणि मॅजिक किंगडमचा तो तळ्याचा फेरा सासूबाईंना दिवसातून चारदा घडवू नये. चारही रात्री आत परवडत नसतील तर मुक्काम तोडा. पोचता त्या दिवशी पार्क नसतंच, खोली दुपारी तीन-चारशिवाय मिळत नाही, मुलं विमानाने दमलेली असतात. ती पहिली रात्र विमानतळाजवळच्या साध्या हॉटेलात काढा आणि नंतरच्या तीन आत. सामान सकाळीच नव्या हॉटेलवर नेऊन ठेवता येतं, खोली तयार नसली तरी ते ठेवून घेतात. दोनदा मात्र तोडू नका. एकाच सहलीत तीनदा बॅगा भरणं कुठल्याही बचतीत बसत नाही.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर सांगायला संकोच करू नका. चालता येत असलेली माणसंही तिथे घेतात, दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं. व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही असतील तर हॉटेलमधली खोली लिफ्टजवळची मागा. काही हॉटेलं इतकी लांबलचक आहेत की खोलीपासून बस थांब्यापर्यंतच दहा मिनिटं जातात. तुम्ही घरी बसून मोजलेल्या वीस मिनिटांत ती दहा नसतात.

आरक्षण करण्याआधी हॉटेलला एकच ईमेल पाठवा, आत असो वा बाहेर: पार्कला जाणारी बस किती वाजता सुटते, दुपारी परतीची फेरी आहे का, शेवटची बस आतषबाजीनंतर किती वेळ थांबते, आणि बाबागाडी उघडी चालते का. नेमक्या वेळा लिहून आल्या तर पुढे बोला. "आमची वाहतूक सेवा उत्तम आहे" एवढंच उत्तर आलं, तर दुसरं हॉटेल बघा.